जुहूच्या हवेतली माझी भर

जगातली हवा बिघडवण्यात सगळ्यांचाच थोडाथोडा हात आहे, असं हल्ली सभांमधून सांगतात. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. मी ती तोंडाने बिघडवली आहे, आणि कुठे नि केव्हा हेही बोट ठेवून दाखवू शकतो. जुहूचा किनारा, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या पलीकडे वीस पावलं. सोमवार आणि गुरुवार, दुपारी तीन. पन्नासचं दशक संपत आलं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि माझा आवाज असा होता की मी पार्ल्याला शिंकलो तर अंधेरीची माणसं बोलणं थांबवून ‘सत्य आहे’ म्हणत. न्हावी माझी अर्धीच दाढी करून वस्तरा खाली ठेवायचा. उरलेला गाल हलायचा थांबेपर्यंत तो दुसरी दोन गिऱ्हाइकं उरकायचा. पार्ल्यावर बिस्किटांचा वास पसरलेला असायचा, तोही मी बोलायला लागलो की रेल्वे लाइन ओलांडून पूर्वेचा पश्चिमेला जायचा. यातलं निम्मं सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका. तेही मी तिखटमीठ लावूनच सांगणार, कारण दुसऱ्या तऱ्हेने सांगणं मला येत नाही. आणि त्या न येण्यानेच तर घात केला.

उपनगरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापक शिकवायचे आणि मुलांनी काय काय फोडलं ते मी बघायचो. आमचे सर विभागाचे प्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि बोलणं इतकं हळू की पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा त्यांचे ओठ बघून टिपणं काढत. मला ती नोकरी त्यांनीच दिली होती. मुलाखतीला बसलेले बाकीचे म्हणाले, “हा फार बोलतो.” सर म्हणाले, “असू दे. मी फार कमी बोलतो, विभागाची सरासरी नीट होईल.”

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेलं रसायनशास्त्र शिकवलं होतं. स्वतःचा म्हणावा असा एक आकडा त्यांच्यापाशी नव्हता. हे माझं म्हणणं नाही, ते स्वतःच म्हणायचे आणि म्हणताना चष्मा पुसायचे.

एकदा त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“अरे, एक विचारू? मुंबईत रोज एवढा कोळसा जळतो. गिरण्या आहेत, बोटी आहेत, घरोघरी शेगड्या आहेत. त्याचा वायू जातो कुठे?”

“वर जातो, सर.”

“आणि मग?”

आणि मग काय, याचा विचार मी जन्मात केला नव्हता. वर गेलेलं काही परत येतं का? माझे मामा वर गेले ते कुठे आले!

“पुस्तकात लिहिलंय,” सर म्हणाले, “हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे तीन भाग. मी शिकलो तेव्हा तीन, आज मी शिकवतो तेव्हाही तीन. जादाचा सगळा समुद्र गिळतो म्हणतात. मला वाटतं, गिळत नाही. मला वाटतं, तो वायू हवेत साचतोय, आणि कुणी नीट मोजत नाहीये. जाण्याआधी मला तो मोजायचाय.”

मोजायची रीत जुनी होती. काचेची एक मोठी बरणी, आवळ्याचं लोणचं घालतात तेवढी. सोनाराकडे असतो तसा हातभाता. समुद्राकडून खारा वारा सुटला की किनाऱ्यावर जायचं, भात्याने बरणीत शंभर वेळा हवा मारायची, म्हणजे आतली जुनी हवा निघून बरणीत फक्त समुद्रावरची राहते. बूच घट्ट लावायचं. प्रयोगशाळेत आणून तिच्यात बेरियमचं पाणी ओतायचं. हे पाणी म्हणजे चुन्याच्या निवळीची थोरली बहीण. हवेतला वायू ते खाऊन टाकतं. मग त्यात रंगाचे दोन थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं, आणि वरून थेंबथेंब आम्ल सोडत ती गुलाबी छटा घालवायची. छटा जितकी लवकर उडेल, तितका हवेत वायू जास्त. हे शेवटचं काम सरांचं. बरणी भरायचं माझं, कारण सरांचे गुडघे सायकलला तयार नव्हते.

“एक पथ्य आहे,” सर म्हणाले. “माणूस श्वास सोडतो त्यात बाहेरच्या हवेच्या शंभरपट हा वायू असतो. तेव्हा भाता हात लांब करून धरायचा, वाऱ्याच्या बाजूला. तोंड दुसरीकडे वळवायचं. आणि बरणीला बूच बसेपर्यंत मिटायचं.”

“माझं?”

“तुझंच. जमेल?”

“सर, मी मौन धरलं तर हिमालयातले साधू उठून मला जागा देतील.”

सर हसले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. साधूंनी ठेवला नसता.

पहिला महिना मी खरोखर पाळलं. ऑक्टोबरचं ऊन, पार्ल्याहून सायकल मारत जुहूपर्यंत, करंडीत पेंढ्यात बसवलेली बरणी, नारळीच्या रांगा आणि त्यापुढे मोकळी वाळू. माणसं अशी फक्त कोळीवाड्यातली. बायका काठ्यांवर बोंबील उलटेपालटे करायला आलेल्या असत. त्यांच्यातली एक पन्नाशीची बाई, कासोटा घट्ट मारलेली, हातात बांगड्या कोपरापर्यंत, मला दर खेपेला निरखायची. आठव्या की नवव्या खेपेला तिने हाक मारलीच.

“आरे ए मास्तर! कं भरतंस त्या बरनीन?”

मी भाता मारत होतो. चाळीस, एकेचाळीस. तोंड मिटलेलं.

“तुमच्या पार्ल्यान हवा संपली काय रं?”

पंचेचाळीस, शेहेचाळीस. मी नुसती मान हलवली.

ती शेजारणीकडे वळली आणि हळहळून म्हणाली, “मुका हाय गो बिचारा. दिसाया बरा हाय, पन मुका.”

मुका! मला! आमच्या आळीत मला घरात घेण्याआधी लोक बाळं झोपवून घ्यायचे, त्या मला! मी भाता पोटाशी धरला, मान वर केली आणि म्हणालो, “मावशी, मुका नाहीये मी. ही बरणी दिल्लीला जाते. तिथे मंत्री बूच काढून वास घेतात आणि ठरवतात की यंदा पाऊस पाडायचा की नाही.”

तिने दोन बोंबील उलटले. “मंग माज्या बोंबलांचा पन वास जाऊंदे त्यान. मंत्र्याला भूक तरी लागंल.”

मी खो खो हसलो. हसताना उरलेले भाते मारले. बूच लावलं.

त्या दिवसापासून सोमवार-गुरुवारची दुपार म्हणजे आमची बैठक झाली. हात लांब करून भाता मारणं गप्पांना सोयीचं पडेना. मग मी वाळूत बसून भाता मांडीत घेऊ लागलो, हनुवटी जवळजवळ त्याच्या पाठीवर, जिथून तो हवा ओढतो तिथेच. मी मावशीला सांगितलं की माझे आजोबा पोहत मस्कतला गेले होते आणि खजूर आवडला नाही म्हणून संध्याकाळी परत आले. ती म्हणाली, “येताना भरती व्हती का ओहोटी?” मी म्हणालो, “ओहोटी.” ती म्हणाली, “मंग खोटं. ओहोटीनं आला असता तं अजून येतंच असता.” अशी बाई श्रोता म्हणून मिळाल्यावर कोण गप्प बसेल? तिला पटेल असं एक खोटं सांगायचं, या ईर्षेने मी पेटलो होतो.

पथ्य मला आठवत नव्हतं असं नाही. आठवायचं. पण समोर बघावं तर केवढा तो समुद्र, केवढं ते आभाळ, आणि वारा असा की टोपी अंधेरीला जाऊन पडावी. त्यात एका माणसाच्या तोंडच्या वाफेने काय होतंय, असं मनात यायचं, आणि मी पुढची गोष्ट सुरू करायचो.

इकडे सर आकडे मांडत होते. ऑक्टोबरमध्ये पुस्तकाप्रमाणे तीनच. नोव्हेंबरात तिनाच्या किंचित वर. डिसेंबरात आणखी वर. त्यांनी आलेखाचा कागद भिंतीवर चिकटवला आणि प्रत्येक खेपेला तांबड्या शाईचा एक ठिपका. ठिपके चढत होते. जानेवारीत मावशी लेकीच्या बाळंतपणाला वेसाव्याला गेली, दोन आठवडे मला बोलायला कुणी नव्हतं; ठिपके खाली आले. सरांनी बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘वाऱ्याची दिशा बदलली का?’ मावशी परत आली, मी एका भुताळी गलबताची लांबलचक गोष्ट लावली, आणि फेब्रुवारीत ठिपक्यांनी असा चढ घेतला की सरांनी दुसरा कागद वर जोडला.

तो माणूस बदलला होता. तासाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येऊ लागलं होतं. एकदा प्रयोगशाळेत मी आत गेलो तर ते त्या कागदासमोर एकटेच उभे होते. म्हणाले, “बघ रे, साचतोय. आपल्या डोळ्यांदेखत साचतोय.” मे महिन्यात मद्रासला शास्त्रज्ञांची परिषद होती. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा निबंध पाठवला होता आणि तो वाचायला त्यांना बोलावणं आलं होतं. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, मद्राससाठी त्यांचा कोट धोब्याकडे देऊन दोनदा परत आणला होता.

सर काटेकोर. निबंध वाचण्याआधी कुणी तिऱ्हाइताने आकडा तपासावा म्हणून त्यांनीच ट्रॉम्बेच्या नव्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणाला बोलावलं. त्यांचा जुना विद्यार्थी. तो मार्चमधल्या एका गुरुवारी आला. पँट, टाय, मनगटावर घड्याळ. माझ्याबरोबर किनाऱ्यावर आला आणि माझ्या शेजारी उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला. साहेब बघून मावशीने पाठ फिरवली. त्या पोराच्या तोंडावरची एक रेघ हलत नव्हती. अशा माणसासमोर माझ्या तोंडून गोष्ट कशी फुटणार? मी उभं राहून, हात लांब करून, तोंड समुद्राकडून फिरवून, शंभर भाते मुकाट मारले.

प्रयोगशाळेत आम्ल त्यानेच सोडलं. सर बाजूला स्टुलावर. थेंब पडत राहिले, पाणी गुलाबीच. आणखी थेंब, तरी गुलाबीच. छटा उडाली तेव्हा सरांनी ब्युरेटवरचा, म्हणजे आम्लाच्या नळीवरचा, आकडा वाचला आणि दोनदा चष्मा पुसला.

“तीन,” तो तरुण म्हणाला. “पुस्तकाप्रमाणे.”

“पुन्हा करू,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम ट्रॉम्बेहून पुन्हा आला. पुन्हा मी, पुन्हा तो शेजारी. तीन. जाताना त्याने सरांच्या पायांना हात लावला. खूप हळू आवाजात म्हणाला, “सर, सगळं साहित्य ठीक आहे. शेवटची गुलाबी छटा... तुम्हीच बघत होता ना?”

मी तिथेच कपाटाला टेकून उभा होतो. मला त्याच क्षणी कळलं. त्या भिंतीवर चढलेले सगळे ठिपके माझ्या गोष्टींचे होते. मस्कतची एक टेकडी होती, भुताळी गलबताचं शिखर होतं, आणि मावशी वेसाव्याला गेली तिथे दरी होती. मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही.

सर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत शोधलं तर काही ना काही सापडतंच. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, अगदी थोडी. सरांना तेवढं पुरलं. गुलाबी रंग आपल्याला लवकर उडालेला दिसतो, म्हणून आकडा वर जातो. सगळं जुळलं. त्यांनी भिंतीवरचे दोन्ही कागद काढून त्यांची गुंडाळी केली.

मी चार दिवस जेवलो नाही. बरं, दोन दिवस. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर सर झोपाळ्यावर, काकू सुपात तांदूळ निवडत.

“सर, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. माझ्या तोंडाचा आहे. बरणी भरताना मी बोलत होतो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “किती बोलत होतास?”

इथे मी थांबायला हवं होतं. ‘बरंच’ म्हणालो असतो तर काम झालं असतं. पण सवय! “सर, काय सांगू, पोवाडे म्हणत होतो. मस्कतला पोहत गेलेल्या आजोबांची गोष्ट सांगितली. भाता माझ्या तोंडात होता म्हटलं तरी चालेल. बोंबील माझ्या वाफेने वाळायचे. निम्मा जुहू मी एकट्याने भरलाय, सर!”

खरं सांगायला गेलो, आणि त्यालाही अशी फोडणी दिली की त्याचा मूळ वासच राहिला नाही.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून एवढी मोठी थाप घेऊन आलास? अरे, तू आजवर मारलेल्या थापांत ही सगळ्यात सुंदर. फार मोठ्या मनाचा आहेस तू.”

मला आजवर कुणी मोठ्या मनाचा म्हटलं नव्हतं. मोठ्या तोंडाचा म्हटलं होतं.

काकूंचा हात सुपात थांबला होता. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, “अहो, खरं असेल एखाद वेळेस.”

“छे गं. याला ओळखत नाहीस तू.”

“ओळखते म्हणून म्हणते. करून बघा की एकदा. अंगणातच भरा दोन बरण्या. एक हा गप्प बसून भरेल, एक बडबडत. रंग मी बघीन, माझे डोळे चांगले आहेत.”

किती साधी गोष्ट! तासाभराचं काम. बरणी घरातच होती, भाता नि बेरियमचं पाणी कॉलेजात. सरांनीही माझ्याकडे बघितलं. आणि मी शपथेवर सांगतो, त्या नजरेत एक क्षणभर ते दोन्ही कागद पुन्हा उलगडले होते. पण खांद्यावर त्यांचा हात अजून होता. दुसऱ्या बरणीने मला उघडं पाडलं असतं तर तो हात तिथे राहिला असता का? शिवाय जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती आणि शिफारस सरांचीच होती.

“भाता फाटलाय, काकू,” मी म्हणालो.

आजोबांना मस्कतला पोहवणारा मी. त्या दिवशी एवढंसं, तीन शब्दांचं, बिनमसाल्याचं खोटं बोललो, आणि तेवढंच कुणाला शंका न येता खपलं. काकूंनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवसानंतर मी घरी गेलो की त्या चहा द्यायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत.

सरांचे आकडे खोटे होते. त्यांचं म्हणणं खरं होतं. समुद्र सगळं गिळत नाही. त्याच सुमारास जगात दुसरीकडे माणसं डोंगरांवर, बर्फावर, मला वाटतं माझ्यापेक्षा कमी बोलत, हाच वायू मोजत होती, आणि तो साचत होता, वर्षाला चिमूटभर, सरांना वाटलं होतं तसाच. त्या चिमटीला पकडण्याएवढी आमची बरणी नाजूक होती की नव्हती, कोण जाणे. बहुधा नव्हतीच. तरी सर मद्रासला उभे राहून तो प्रश्न विचारू शकले असते. कुणी तरी मान वर करून ऐकला असता. पुढच्या वर्षी वर्गात त्यांनी फळ्यावर तीनच लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘जादाचा वायू समुद्र शोषून घेतो’. पुढे ते गेले तेव्हाही त्यांना तेच खरं वाटत होतं.

पण त्याआधी, त्याच एप्रिलमध्ये, निबंध परत घ्यायचं पत्र लिहायचं होतं. डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता म्हणून सर तोंडाने सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. माझं अक्षर चांगलं होतं. पत्र छोटंच. निरीक्षणांत त्रुटी आढळल्याने निबंध मागे घेत आहे. दोष सर्वस्वी माझ्या दृष्टीचा आहे. “आणखी एक ओळ घाल,” सर म्हणाले. “नाहीतर पुढे तुझ्यावर बोट यायचं.”

ती ओळ मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिली: हवेचे नमुने गोळा करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्याचा यात काहीही दोष नाही, त्याने प्रत्येक नमुना मी सांगितल्याप्रमाणेच भरला आहे.

“आता सगळं वाचून दाखव,” सर म्हणाले.

मी वाचलं. सबंध. खणखणीत आवाजात.

“कुठे काही चुकलंय का रे?”

“नाही, सर.”

“मग सही करतो,” सर म्हणाले, आणि मी सहीची जागा दाखवावी म्हणून त्यांनी माझं बोट धरलं.